स्टेरॉइड चालू आहे, पण डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नाही. मग हाडांची गोळी आत्तापासून कशाला?

शंकेखोर:
रुग्ण महिला, वय 58, पाळी बंद झालेली. ऱ्हुमॅटॉइड संधिवात. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज 15 मिग्रॅ दोन महिने झालं, आता 10 वर आणलंय. अजून किमान सहा महिने तरी लागेल असं दिसतं. जोडीला संधिवात ताब्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड. डेक्साचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना; उणे 2.5 किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस) कमरेच्या मणक्यात उणे 1.6, खुब्यात उणे 1.9. आजवर एकही फ्रॅक्चर नाही. फ्रॅक्सने (फ्रॅक्चरचा धोका मोजणारं गणित) दहा वर्षांचा धोका काढला तर मोठ्या फ्रॅक्चरसाठी 18 टक्के आणि खुब्यासाठी 2.6 टक्के येतो.

सध्या कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ रात्री झोपताना, ड जीवनसत्त्व 60,000 युनिट आठवड्यातून एकदा आणि सकाळी पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल चालू आहे. आता अ‍ॅलेंड्रोनेट 70 (हाडांची झीज रोखणारी, बिस्फॉस्फोनेट गटातली गोळी) लिहून दिलंय. जबड्याचं हाड सडतं असं ऐकून घरचे बिचकलेत. कॅल्शियम आणि ड पुरे होणार नाही का? टी-स्कोअर उणे 2.5 झाला की मग गोळी सुरू करू, असं केलं तर काय बिघडेल?

हाडवेडा:
बिघडेल ते नेमकं याच महिन्यांत. स्टेरॉइडमुळे होणारी झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. त्यातही मार बसतो तो जाळीदार हाडाला, म्हणजे मुख्यतः मणक्यांना. उणे 2.5 ची वाट पाहणं म्हणजे झिजीचा सगळ्यात वाईट काळ गोळीविना काढणं.

दुसरं, डेक्सा मोजतं घनता. स्टेरॉइड घनता तर कमी करतंच, शिवाय हाड बांधणाऱ्या पेशींचं काम थंडावतं आणि हाडाच्या आतल्या, डागडुजीची खबर देणाऱ्या पेशी मरतात. म्हणून एकाच टी-स्कोअरला स्टेरॉइडवरचा रुग्ण इतरांपेक्षा लवकर मोडतो. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं आणि मांड्यांचे स्नायू लुळे पडल्याने तोल जातो, ते वेगळंच. सांध्यातली सूजही स्वतः हाड खाते, त्यामुळे सगळं खापर स्टेरॉइडवर फोडता येत नाही.

आता तुमचा फ्रॅक्स. त्यात स्टेरॉइड ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच विचारतात, डोस नाही. ‘हो’ म्हटलं की ते मधला डोस, म्हणजे 2.5 ते 7.5 मिग्रॅ, गृहीत धरतं. डोस 7.5 च्या वर असेल तर मोठ्या फ्रॅक्चरच्या आकड्याला 1.15 ने आणि खुब्याच्या आकड्याला 1.2 ने गुणायचं. 18 चे झाले 20.7, 2.6 चे झाले 3.1. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2022 च्या शिफारशींत 20 टक्के आणि 3 टक्के या जास्त धोक्याच्या रेषा आहेत. तुमच्या रुग्णाने दोन्ही ओलांडल्या. नुसतं कॅल्शियम आणि ड इथे पुरत नाही. ते पाया म्हणून हवंच, पण औषधाची जागा घेत नाही.

एक तपासणी मात्र राहिलेली दिसते: पाठीच्या आणि कमरेच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे. स्टेरॉइडवर मणका दबला तरी बरेचदा दुखत नाही, त्यामुळे ‘आजवर फ्रॅक्चर नाही’ हे एक्स-रे पाहिल्याशिवाय खरं धरू नका. दबलेला मणका सापडला तर गट थेट ‘अतिधोका’ होतो, आणि मग अ‍ॅलेंड्रोनेटऐवजी रोजच्या तेरिपॅराटाइड या हाड बांधणाऱ्या इंजेक्शनचा विचार आधी करतात.

साधासोपा:
10 मिग्रॅ म्हणजे फार नाही. दिवसाआड घेतली तर हाडांना त्रास होत नाही असं वाचलंय.

हाडवेडा:
दिवसाआड घेतल्याने हाडं वाचतात असं दिसलेलं नाही. आणि 10 कमी नाही: त्याच शिफारशी 2.5 मिग्रॅ तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तिथूनच सुरू होतात. गोळीचं नाव बदललं म्हणून फसू नका. प्रेडनिसोलोन 5 म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन 4 म्हणजे डेफ्लाझाकॉर्ट 6. हाडांसाठी खरा उपाय मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आजार ताब्यात आणून स्टेरॉइड खाली आणणं हाच. पण ते डॉक्टरांच्या वेळापत्रकानेच. इतके आठवडे घेतल्यावर एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी साथ देत नाही आणि रुग्ण कोसळू शकतो.

गोळीगणित:
औषधं घेण्याच्या पद्धतीबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

अ‍ॅलेंड्रोनेट नीट घेतलं तरी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का शोषलं जातं. चहा, दूध, कॅल्शियम, कशाही बरोबर घेतलं तर तेवढंही नाही. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्याबरोबर, न चघळता. मग किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, आडवं न होण्याचं कारण तेच. त्या दिवशी पँटोप्राझोल अर्ध्या तासानंतर, त्यानंतर नाश्ता.

कॅल्शियमची वेळ बदला. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, आणि इथे पँटोप्राझोलने ते कमी केलंय, वर गोळी रिकाम्या पोटी. जेवल्याबरोबर घ्या, किंवा सायट्रेट मागून घ्या. 1250 मिग्रॅ कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम 500 मिग्रॅच असतं. दिवसाचं लक्ष्य आहारासकट 1000 ते 1200. 250 मिली दुधात साधारण 300 मिळतं, असा हिशोब करून उरलेलंच गोळीतून घ्या. एका वेळी 500 च्या वर नको. पँटोप्राझोल खरंच लागतंय का, हेही विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रुग्णाकडे आठवड्यातून एकदा घ्यायची तीन औषधं झाली: मेथोट्रेक्सेट, ड जीवनसत्त्व, अ‍ॅलेंड्रोनेट. तिन्हींना वेगळे वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. 60,000 चं ड रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढतं. आणि तो डोस किती आठवडे घ्यायचा ते लिहून घ्या, तो कायमचा नसतो.

शंकेखोर:
एक्स-रे काढायला सांगतो. दोन गोष्टी राहिल्या: छातीत जळजळ बरीच आहे, म्हणूनच पँटोप्राझोल. आणि जबड्याचं काय?

हाडवेडा:
जळजळ किती, गिळताना अडकतं का, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अडकत असेल तर अ‍ॅलेंड्रोनेट नकोच. त्याऐवजी त्याच गटातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड 5 मिग्रॅ, वर्षातून एकदा शिरेतून. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड तपासा. ड कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) मिनिटाला 35 मिलीच्या खाली असेल तर देत नाहीत. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, ती पॅरासिटामॉलने आटोक्यात राहते. तो संधिवाताचा भडका समजून स्टेरॉइड वाढवू नका.

डेनोसुमॅब (झीज रोखणारं दुसरं इंजेक्शन) सुचवलं तर एक अट लक्षात ठेवा: दर सहा महिन्यांची तारीख चुकवायची नाही, आणि बंद करताना मागून बिस्फॉस्फोनेट द्यावंच लागतं. नाहीतर झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ एक मणके दबतात.

जबड्याचा त्रास या मात्रेत क्वचितच होतो. असा त्रास झालेले बहुतेक रुग्ण कर्करोगासाठी शिरेतून वारंवार मोठे डोस घेतलेले असतात. तरी दात काढायचे असतील तर शक्यतो आधी काढून घ्या, जखम भरू द्या, मग सुरू करा. पण नुसत्या सफाईसाठी गोळी महिनोन्महिने लांबवू नका.

स्टेरॉइड चालू असेपर्यंत गोळी चालू. थांबल्यावर धोका पुन्हा मोजून ठरवतात. डेक्सा एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशिनवर. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं आलं तर थांबू नका: खुब्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, तो डेक्सात दिसत नाही, एमआरआय लागतो. बराच काळ बिस्फॉस्फोनेट घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला चीर पडते, तेही असंच दुखतं.

चालतं_फिरतं:
एक्स-रेचा निकाल येईपर्यंत कमरेतून वाकून वजन उचलणं आणि पायाची बोटं धरण्याचे व्यायाम बंद. चालणं आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं चालेल. स्टेरॉइडने मांड्याच आधी कमजोर होतात, त्यामुळे खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले तर तेही डॉक्टरांना सांगा.