मदत हवी आहे : जर्मनीतील एका सत्राचे श्रेयांक (क्रेडिट) इथे कसे धरले जातात?

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून, पुढील वर्षी विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीला जाण्याची तिची इच्छा आहे. मॅक्सम्युलर भवनात ती बी१ पातळीपर्यंत जर्मन शिकली आहे आणि व्हिसासाठी खात्यात दाखवावे लागणारे दरमहा ९९२ युरोही कसेबसे जमतील. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. तिथले हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असे चालते आणि बऱ्याच परीक्षा फेब्रुवारीत होतात, तोवर आपल्याकडचे पुढचे सत्र बरेच पुढे सरकलेले असते. शिवाय तिथे एका सत्राला साधारण ३० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकात घरच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचे काम धरतात, तर आपला श्रेयांक मुख्यतः वर्गातील तासांवर मोजला जातो. कार्यालयात विचारले, तर ‘परत आल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळते. अशा उत्तराच्या भरवशावर मुलीचे वर्ष पणाला लावणे मला पटत नाही.

ज्यांची मुले अशी जाऊन आली आहेत, त्यांनी विषयांची यादी जाण्यापूर्वीच दोन्हीकडून लेखी मंजूर करून घेतली होती का, आणि इथली हुकलेली परीक्षा नंतर कशी दिली, हे कृपया सविस्तर कळवावे. जर्मन विद्यार्थ्यांबरोबर सामायिक घरात राहण्याचा तिचा आग्रह आहे (स्वयंपाकघराची साफसफाई तिथे पाळीपाळीने करावी लागते, हे तिला अजून उमगलेले नाही!), त्याविषयीचा अनुभवही सांगावा.