मदत हवी: नवीन मोटरबोट डिलिव्हरीला द्यायची आहे, पण माणसं भरली की इंजिन आरपीएमच घेत नाही

हिंगणा_फायबर:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फायबरचं वर्कशॉप आहे, टाक्या, घसरगुंड्या, बगिच्यातल्या पॅडल बोटी असं सगळं बनवतो. मोटरवाली बोट मात्र पहिल्यांदाच केली. १६ फुटी, सहा माणसांची, मागे ४० एचपीचं चार स्ट्रोक ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन), पाण्यातला पंखा १३ पिचचा, इंजिनासोबत आला तोच. मालक पवनीकडचे काका आहेत, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला त्यांचं मासेमारीचं काम चालते, अन् त्यांना बोट अक्षय तृतीयेलाच पाहिजे. हार-नारळ आत्ताच सांगून ठेवलाय म्हणे. म्हणजे माझ्याकडे ११ दिवस.

वर्कशॉपमध्ये अर्धा कापलेला ड्रम भरून त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवला अन् चालू केलं, पहिल्या सेल्फमध्ये स्टार्ट, इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी एकदम मस्त. मग रविवारी ट्रेलरवर टाकून उमरेड-भिवापूरवरून नेली. आम्ही दोघं बसलो तर फुल थ्रॉटलला ५२०० आरपीएम, बोट लगेच पाण्यावर उठते. काकांचे पोरं धरून सहा जण बसवले तर काटा ४५०० च्या वर जातच नाही, नाक वर अन् बूड खाली करून म्हशीसारखी चालून राहिली होती. पुस्तकात फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० लिहिलंय. डीलरला फोन केला तर म्हणते इंजिन नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागते, चालवत राहा. मले काही पटून नाही राहिलं.

दुसरं म्हणजे परत आल्यावर बोटीतलं पाणी काढायचं मागचं बूच काढलं तर आतून दीड-दोन तांबे पाणी निघालं. पाऊस नाही, लाटा नाही, कुठून आलं बापा? नागपुरात ट्रॅक्टरपासून जेसीबीपर्यंत सगळ्याचा मिस्त्री मिळते, ओबीएमचा नाही मिळत. कोकणातले कोणी असतील तर सांगा प्लीज.

अलिबागचा_खलाशी:
दादा, आधी एक विचारतो, रागावू नका. इंजिन किती तास चाललं होतं जेव्हा तुम्ही फुल थ्रॉटल दिलं?

हिंगणा_फायबर:
ड्रममधले धरून अर्धा तास असेल 😐

अलिबागचा_खलाशी:
वाटलंच मला. नवीन ओबीएमचे पहिले दहा तास रनिंग-इनचे, म्हणजे इंजिन हळूहळू रुळवायचे असतात. पहिला तास साधारण २००० आरपीएमच्या आसपास, दुसऱ्या तासाला ३००० पर्यंत, आणि पुढचे आठ तास फुल थ्रॉटल दिलं तरी पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग नाही, मधेमधे वेग कमीजास्त करत राहायचं. तुमच्या पुस्तकातला तक्ता बघा आणि त्याचप्रमाणे करा. एकदा दाबलंत म्हणून लगेच काही बिघडलं नसेल, पण आता हे तास तुम्हीच पूर्ण करा, मालकाकडे सोपवू नका, तो पहिल्याच दिवशी पाहुण्यांना बसवून दामटणार हे लिहून घ्या.

डीलर म्हणतो त्यात तथ्य थोडंच आहे. मोकळं होऊन पाचसातशे आरपीएम वाढत नाहीत. पंखा जड पडतोय. १३ पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबाने १३ इंच पुढे जायला बघतो, सहा माणसांच्या वजनाला हे म्हणजे चढावर चौथा गिअर टाकण्यासारखं. ११ चा लावा, एका इंच पिचला साधारण २०० आरपीएमचा फरक धरायचा. पंखा नेहमी भरलेल्या बोटीवर ठरवायचा, रिकामीवर नाही. आणि हा हट्ट सोडू नका, कारण वर्षानुवर्षं कमी आरपीएमवर ओढत राहिलं तर इंजिन लोडखालीच मरतं आणि नाव तुमच्या बोटीचं खराब.

पण पंखा मागवायच्या आधी फुकटात होणारं एक काम करा. बोटीच्या तळाला एक सरळ फळी लावून मागे नेऊन बघा, पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळापासून किती खाली येते?

हिंगणा_फायबर:
आत्ताच मोजलं, चांगली दोन इंच खाली आहे. चूक माझीच, इंजिन २० इंची शाफ्टचं अन् मी ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची भिंत, साडेअठरा इंचाचा कापला, डोक्यात पॅडल बोटीचा हिशोब होता.

अलिबागचा_खलाशी:
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. इंजिन एक-दोन भोकं वर घ्या. जास्त नको, वळताना पंखा हवा खाईल, आरपीएम एकदम वर आणि बोट जागेवर. ट्रिमची (इंजिनाचा तिरपेपणा ठरवणारी) पिनही एक घर आत घ्या आणि पेट्रोलची टाकी, बॅटरी पुढे सरकवा, नाक खाली येईल.

वैनगंगाकाठ:
पाण्याचं मी सांगतो. ट्रेलरवरच बोटीचं नाक वर करा अन् आत ट्रान्समपाशी पाणी ओता, बाहेरून पुसून कोरडं करा आणि खडूची पूड चोळा. पाच मिनिटांत ओल दिसेल. बहुतेक वेळा बोल्टची भोकं नाहीतर बुचाची रिंग निघते. अन् बाथरूमचं सिलिकॉन लावलं असेल तर काढून टाका, पाण्याखाली पॉलियुरेथेनचं मरीन सीलंटच पाहिजे. ट्रान्सममध्ये प्लाय आहे ना? ते एकदा पाणी प्यायलं की आतून सडते, वरून बोट चकचकीत.

आणखी एक, तिकडे जलपर्णी अन् प्लास्टिक भरपूर, आपल्या नाग नदीचं सगळं कन्हानमार्गे वैनगंगेतच जाते ना. काकांना पिचकारीकडे नजर ठेवायला शिकवा. बारीक झाली की इंजिन लगेच बंद, पाणी आत घ्यायची जाळी साफ.

सीताबर्डीकर:
भाऊ, कागदांचं पाहिलं काय? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनवाल्या बोटीला सर्व्हे अन् नोंदणी आहे. काका तुमच्याकडून बनवणाऱ्याचा दाखला मागतीलच, हल (बोटीचा सांगाडा) अन् इंजिनाचे नंबर टाकून आधीच तयार ठेवा. बाकी ट्रायलला आम्हाला पण न्या, वजन म्हणून बसतो 😄

हिंगणा_फायबर:
अपडेट. गळती बुचाच्या रिंगमधून निघाली. तीन स्क्रू आमच्या पोराने सीलंट न लावता सरळ प्लायमध्ये ठोकले होते. सगळं काढलं, भोकं वाळवली, रेझिनने भरून परत ड्रिल केली. इंजिन दोन भोकं वर घेतलं, जुनी भोकं पण भरली. ११ चा पंखा मुंबईवरून आला, तोपर्यंत काल-परवा मिळून सहा तास हळूहळू फिरवलं.

आज सहा जण, पूर्ण टाकी, फुल थ्रॉटल पाच मिनिटांच्या आतच ठेवलं: ५२०० 🙏 बूच काढलं तर तळ कोरडा. वळताना हवा नाही खात.

आता रनिंग-इनचे राहिले साडेतीन तास अन् अक्षय तृतीयेला चार दिवस. किल स्विचची लाल दोरी (चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद होते) मनगटाला बांधायची म्हटलं तर काका म्हणतात मी काय पळून जाणार आहे काय. सहा लाइफ जॅकेट, फायर एक्स्टिंग्विशर अन् हातपंप बोटीतच बांधून देतो. वीस तासांच्या सर्व्हिसची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर मीच लिहून येणार, तेल अन् गिअर ऑइल मी बदलून देईन.

सीताबर्डीकर:
दोरी काकूंच्या हातात द्या, त्या बांधतील.