हापशीचा ओटा: ही कलाकृती कशी?

वर्षा_चित्रकला:
नववीच्या मुलींना अशी एखादी चित्रकार सांगायची आहे, जिच्या कामात निसर्ग, बाई आणि समाज तिन्ही आहेत. अमृता शेरगिल सांगून झाल्या. कुणीतरी नवज्योत अल्ताफ हे नाव सुचवलं, पण फोटोत मला नुसता हापशीचा ओटा दिसला. चित्रकलेच्या तासाला हे कसं सांगू?

प्रकाश_जेजे:
ताई, त्या जन्माने मेरठच्या (१९४९), शिकल्या आमच्या मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात. सत्तरच्या दशकात मुंबईत प्रोयोम या डाव्या तरुणांच्या संघटनेची पोस्टर्स करायच्या. पुढे छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये कोंडागावला शांतीबाई, राजकुमार, गेसूराम या तिथल्याच कलाकारांबरोबर काम सुरू केलं. तुम्ही पाहिलेला ओटा त्यातलाच; हापशीभोवती त्यांनी बांधलेल्या अशा ओट्यांचं नाव 'नलपार'.

सिंधू_परभणी:
वर्षाताई, मी चित्रकार नाही, पण हापशीवर पाणी भरतच मोठी झाले. भरलेली घागर एकटीने डोक्यावर घेऊन बघा. आधी गुडघ्यावर टेकवायची, मग कमरेवर, मग एका हिसक्यात चुंबळीवर. बरोबर कुणी असलं तर "हात लाव गं" म्हणता येतं. माझी आई पहाटे एकटीच जायची. आमचा ओटा सपाट, शेवाळलेला, भोवती चिखल. एकदा आई त्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ओटा बांधताना एकाही बाईला विचारलं नव्हतं.

नलपारच्या भिंतीला टप्पे आहेत. घागर तिथे टेकवत टेकवत वर न्यायची, मान-कंबरेला हिसका नाही. सांडपाणी शोषखड्ड्यात जातं, म्हणजे चिखल नाही आणि पाणी परत जमिनीत. भिंतींवर तिथल्याच कलाकारांच्या हातची नक्षी. मला तो टप्पा नक्षीहून सुंदर वाटतो. तो घडवणाऱ्याने बाईचं दुखणारं अंग नीट पाहिलंय.

आणि शांतीबाईंचं नाव मुलींना नक्की सांगा. त्या लाकडात स्वतःचं आयुष्य कोरतात.

प्रकाश_जेजे:
सिंधूताईंचं पटलं. मी इतकी वर्षं नक्षीच बघत होतो.

वर्षा_चित्रकला:
सिंधूताई, आईंचं मनगट आता कसं आहे? उद्या वर्गात भरलेली कळशी नेते. प्रत्येकीने ती एकदा उचलायची, मग आपल्या वस्तीतल्या हापशीचं चित्र काढायचं: कळशी कुठे टेकते, पाणी कुठे जातं.

सिंधू_परभणी:
थंडीत दुखतं अजून. मुलांनाही उचलायला लावा हं.