आयर्लंडच्या किनाऱ्यावरची जुनी गावं, यात्रेची ठिकाणं आणि समुद्र : अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये आपण बरेच जण आहोत, पाहुणे आले की त्यांना मोहेरचे कडे दाखवतो आणि संध्याकाळी घरी. पण मेयो, केरी, वॉटरफर्ड, वेस्ट कॉर्क इकडच्या लहान गावांत जाऊन राहिलेलेही असतीलच, त्यांच्यासाठी हा धागा. तिकिटं, वेळा नेटवर मिळतात हो, तुम्ही तिथे होता तेव्हा काय झालं ते लिहा. मीच सुरुवात करते.

क्रो पॅट्रिक. तिकडचे लोक नुसतं 'रीक' म्हणतात. वेस्टपोर्टपासून आठेक किलोमीटरवर मरिस्क गाव आहे, तिथून चढायचं, उंची ७६४ मीटर. सेंट पॅट्रिकने माथ्यावर ४० दिवस उपास केला अशी श्रद्धा, म्हणून जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. मी त्याच रविवारी गेले होते. खिंडीपर्यंत ठीक आहे, पण शेवटचा सुळका म्हणजे नुसते सुटे दगड, पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं. माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई अनवाणी चढत होत्या, टाचा चिखलाने काळ्या, अंगठ्याला रक्त. मी विचारलं बऱ्या आहात ना, तर म्हणाल्या आधी आई यायची, आता मी येते. इतकंच. आमच्या घरात वारी आहे, आजीनंतर काकू जायला लागली, त्यामुळे मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही, त्यांच्या मागे मागे चढत राहिले. वर १९०५ चं छोटं चॅपल आहे, त्याभोवती लोक १५ प्रदक्षिणा घालतात, आपल्यासारख्याच उजव्या हाताला ठेवून. धुक्यात काही दिसत नव्हतं, उतरताना पाचेक मिनिटं ढग बाजूला झाले आणि खाली क्ल्यू बेमधली सगळी बेटं दिसली. वर्षात दिवस तेवढी बेटं, असं तिकडचे लोक सांगतात. काठी घ्याच, उतरताना गुडघे वाचतात.

*

ताई छान धागा. आम्ही आर्डमोरला गेलो होतो, काउंटी वॉटरफर्ड. सेंट पॅट्रिकच्याही आधी इथे सेंट डेक्लनने ख्रिस्ती धर्म आणला असं गावकरी अभिमानाने सांगतात. टेकडीवर १२व्या शतकातला गोल मनोरा आहे, जवळजवळ ३० मीटर उंच, त्याचं दार जमिनीपासून चांगलं दोन पुरुष वर. पण मला जास्त आवडली ती विहीर. कड्याच्या वाटेवर डेक्लनची विहीर आणि पडकं चर्च आहे, तिथे यात्रेकरू हातात खडा घेऊन दगडावर क्रॉस ओढतात, एकाच रेघेवरून परत परत, त्यामुळे रेघा खोल गेल्यात, बोट ठेवलं तर बोट बसतं. किती जणांनी ओढली असेल ती एक रेघ! खाली किनाऱ्यावर डेक्लनचा दगड आहे, दुसऱ्या दोन दगडांवर टेकलेला. हा समुद्रावरून तरंगत आला अशी कथा आहे, आणि २४ जुलैला त्याच्याखालून सरपटत गेलं की पाठदुखी जाते म्हणतात. आमचे बाबा कमरेने बेजार, त्यांना जायचंच होतं, पण भरती होती आणि दगडापर्यंत पाणी. बाबा दोन तास बाकावर बसून राहिले ओहोटीची वाट बघत. मग आईने शेवटी नुसता हात लावायला नेलं. तिकडे जाणार असाल तर भरतीओहोटीची वेळ आधी बघा.

*

स्केलिग मायकल, म्हणजे केरीच्या किनाऱ्यापलीकडचं खडकाळ बेट, झालं नाही आमचं. बोट सुटते त्या पोर्टमगीला दोन रात्री राहिलो, दोन्ही सकाळी बोटवाल्याचा मेसेज, लाटा मोठ्या, बोट नाही. खूप वाईट वाटलं, ६१८ पायऱ्या आणि वरच्या त्या जुन्या साधूंच्या दगडी झोपड्या, सहा महिने स्वप्न बघत होतो. पण बोटवाल्याचं बरोबरच आहे, खडकावर उतरायची जागा एवढीशी असते. तिसऱ्या दिवसाची सोय ठेवून जा, आणि पफिन हे समुद्रपक्षी बघायचे असतील तर ऑगस्टच्या आत.

*

बीचबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. अकिल बेटावरचा कीम. रस्ता कड्याच्या कडेने, मध्येच मेंढ्या बसलेल्या, आणि वळण घेतलं की खाली हिरवं पाणी. मी मालवणचा, समुद्राचं कौतुक मला सहसा कोणी शिकवू नये, पण तिथे गाडी थांबवून खाली उतरलो. पाणी मात्र असलं गार की पोटरीपर्यंत गेलो आणि बाहेर आलो, शेजारी तिथली पोरं आरामात पोहतायत. संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या बी अँड बीच्या (घरगुती लॉजच्या) काकूंनी विचारलं भारतात कुठले, मी मालवण म्हटलं, त्यांना काही बोध झाला नाही. मग म्हटलं तुमचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांच्या वडिलांचं वराड गाव आमच्याच तालुक्यात. झालं! चहा परत आला, शेजारच्या काकांना फोन करून बोलावलं, रात्री दहापर्यंत गप्पा, आणि दहाला बाहेर अजून उजेड.

*

अहाकिस्ताबद्दल लिहावं का नको असा विचार करत होतो. वेस्ट कॉर्कमध्ये डनमॅनस बेवरचं छोटं गाव. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने या किनाऱ्यापलीकडे समुद्रात पडलं, ३२९ माणसं गेली. पुढे दिल्ली आणि मुंबईला जाणार होतं ते. पाण्याच्या अगदी कडेला स्मारक आहे, एक सूर्यघड्याळ आणि नावं कोरलेली भिंत. दरवर्षी २३ जूनला नातेवाईक येतात, गावकरी त्यांच्यासोबत उभे राहतात. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो, वाटेत पाटी दिसली म्हणून थांबलो. बायकोने नावं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. भिंतीच्या पायाशी जॅमच्या बाटलीत फ्यूशियाच्या लाल फुलांच्या फांद्या होत्या, तिकडच्या कुंपणांवर असते तीच. बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं, त्याच सकाळी कोणीतरी बदललेलं.