मुलीला कॉम्प्युटर सायन्स: मॅनेजमेंटची सीट घ्यावी की कॅपची (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची) वाट पाहावी?

इतवारीवाला_बाबा
नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात हिशेब पाहतो, घर महालात. पोरगी बारावी झाली, सीईटीत 93 पर्सेंटाइल आले. कॉम्प्युटरच पाहिजे म्हणते, दुसऱ्या ब्रँचचं नावही काढू देऊन नाही राहिली. आम्ही ओबीसी, उत्पन्न सहा लाखांच्या आत. ओळखीतला एक जण म्हणतो, मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या हातातल्या जागांतून, सीट पक्की करून देतो, फीचे वेगळे अन् "वरचे" वेगळे, टोकन याच आठवड्यात द्या. बायको म्हणते सोनं मोडू पण सीट जाऊ देऊ नका. साळा म्हणतो पुण्याला पाठवा, नागपुरात काय ठेवलंय. काय करावं?

परसोडीची_ताई
भाऊ, टोकन देऊ नका. तो माणूस घाई करून राहिला, कारण कॅपची यादी लागली की त्याचं गिऱ्हाईक तुटतं.

आता पैशाचं. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे: ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, कॉलेजची शिकवणी फी (ट्यूशन फी) आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट एकच महत्त्वाची, प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की ही माफी गेली. म्हणजे "पक्क्या" सीटसाठी तुम्ही वरचे तर देणारच, शिवाय चार वर्षांची फीसुद्धा खिशातून. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं या योजनेत बसत नाहीत; नागपुरातली काही जुनी नावाजलेली कॉलेजं अलीकडे विद्यापीठ झालीत, तेव्हा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी चौकशी कराच. डेव्हलपमेंट फी, बस, हॉस्टेल हे माफीत नाही.

फी माफ झाली की महाग-स्वस्त कॉलेज हा प्रश्नच तुमच्यापुरता बाजूला पडतो. उरतं ते शिकवणं. मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, नव्वद टक्क्यांवाली पोरंपोरी समोर बसतात आणि लिंक्ड लिस्ट उलटी करा, असा प्रोग्रामिंगचा अगदी पायाचा प्रश्न टाकला की छताकडे पाहतात. का, ते त्यांच्या लॅबमध्ये कळतं. मागच्या वर्षी भाचीसाठी एका कॉलेजात गेले होते. बाहेर काचेची इमारत, आत लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस या जुनाट सॉफ्टवेअरची तीच निळी स्क्रीन, एका मशीनवर तिघी. एकीच्या हातात सिनियरची फाईल, तिच्यातून प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवून राहिली होती, पेनानं, सेमीकोलनसकट. मास्तर बाहेर फोनवर.

म्हणून कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जा. ब्रोशर नका पाहू, थर्ड इयरच्या पोरींना कॅन्टीनमध्ये विचारा: डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रामिंगचा पायाचा विषय) कोणी शिकवलं, ते सर अजून आहेत का, मध्येच किती सोडून गेले? 2024 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांवरची ब्रँचमागे जागांची मर्यादा काढली. काही ठिकाणी जागा भराभर वाढल्या, मास्तर तितक्या वेगानं वाढले का ते पाहा. प्लेसमेंटमध्ये सगळ्यात मोठं पॅकेज ऐकून भुलू नका. बसलेल्यांपैकी किती जणांना लागलं आणि मधल्या पोराला किती मिळालं, हे दोनच आकडे मागा. सांगत नाहीत तिथं समजून जा.

तर्री_कमी_टाका
ताईचं पटतं, पण पुण्याचं एकदम उडवू नका. तिथं कंपन्या जास्त, इंटर्नशिप सोपी मिळते. माझा पोरगा गेला. खोली आणि मेसचा खर्च मात्र दर महिन्याला टोचतो, आणि फी माफीत तो येत नाही. ओपनवाल्यांसाठी सांगतो: फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या जागांचा) कोड वेगळा असतो, तिथं शिकवणी फी लागत नाही. जागा थोड्या, मेरिट कडक, पण भरायला काय जातं. अन् पोरीनं जेईई दिली होती का? व्हीएनआयटी आणि बुटीबोरीचं ट्रिपल आयटी त्यातूनच मिळतं, सीईटीतून नाही.

इतवारीवाला_बाबा
जेईई दिली होती, पर्सेंटाइल सांगण्यासारखे नाहीत. ताई, माफीचं कोणी सांगितलंच नव्हतं बापा! नॉन क्रिमीलेअर काढलेलं आहे, पण गेल्या वर्षीचं. चालेल का? अन् वानाडोंगरीकडलं कॉलेज लागलं तर रोज येणं-जाणं जमेल का?

परसोडीची_ताई
तारीख पाहा, 31 मार्चला संपलं असेल तर नवं काढा. सेतू केंद्रात उद्याच जा, या दिवसांत तिथं रांगा लागतात. जात पडताळणी झाली नसेल तर तो अर्ज आजच करा, सगळ्यात जास्त अडतं तिथंच.

चितार ओळीतून मेट्रोची ॲक्वा लाईन धरली की थेट लोकमान्य नगर, पुढं ऑटो. रोज जमतं, माझ्या बॅचच्या कितीतरी मुली तर मेट्रो नव्हती तेव्हाही हिंगणा रोडनं जायच्या.

फॉर्ममध्ये शासकीयवाली, म्हणजे नागपूर आणि अमरावतीची, वर ठेवा. पण पहिल्या नंबरवर तेच लिहा जे खरंच पाहिजे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर सीट तिथंच फ्रीझ (पक्की) होते, मग बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगलं मिळवणं, नाही. फॉर्म भरताना पोरीलाच बसवा कॉम्प्युटरवर, साळ्याला नको.