वडिलांच्या एअरगनवरचा गंज काढून पुन्हा काळा रंग चढवायचाय, स्वस्तात कसं जमेल?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. वडिलांची .१७७ ची एअरगन १५ वर्षं माळ्यावर गोणपाटात गुंडाळून होती. गोणपाट ओल धरतं हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. परवा काढली तर नळीवर वीतभर तांबेरा, आणि चापाच्या कडीवर रंगच शिल्लक नाही. मुलगी शाळेत नेमबाजी शिकतेय, तिला आजोबांचीच बंदूक हवीय. मला ती नवी नको, पण बघण्यासारखी व्हायला हवी. हजार रुपयांच्या आत काय होईल? ऑनलाइन कोल्ड ब्लूची, म्हणजे न तापवता पोलाद काळं करणाऱ्या औषधाची, बाटली मिळते ती घेऊ का? एमआयडीसीतला एक ब्लॅकोडाइजवाला (लोखंडी भाग गरम रसायनात बुडवून काळे करून देणारा) म्हणतो, आणून द्या, नटबोल्टांबरोबर टाकून देतो. गावाकडे चुलत्यांची परवान्याची १२ बोअर दुनळीही आहे, तिचंही याच्यातच उरकेल का?

टूलरूमकाका:
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये २८ वर्षं काढली. माझ्या स्वतःच्या एअरगनवर हे काम दोनदा केलंय. पहिल्यांदा फसलं म्हणून दुसऱ्यांदा.

कोल्ड ब्लूमध्ये सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचे क्षार असतात. लावलं की लगेच काळं होतं, पण थर अगदी पातळ. जिथे रोज हात लागतो तिथे तो टिकत नाही. स्क्रूची डोकी, एखादा ओरखडा, एवढ्यापुरतं घ्या. हातमोजे घालून, गच्चीवर, मुलांना लांब ठेवून. ते विषारी असतं.

अख्ख्या नळीसाठी गंजालाच कामाला लावा. तांबडा गंज उकळत्या पाण्यात घातला की त्याचा काळा ऑक्साइड होतो. तोच ब्लूइंगचा, म्हणजे बंदुकीच्या पोलादावरच्या निळसर काळ्या थराचा, रंग. जुन्या बंदुकांच्या नळ्या अशाच काळ्या केलेल्या असतात.

आधी बंदूक खोला, पण आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती उडून तोंडावर बसते. क्लॅम्प नसेल तर एअरगन दुरुस्त करणाऱ्याकडून खोलून घ्या, तिथे पैसे वाचवू नका. मग प्रत्येक सुट्या भागाला लोहचुंबक लावून बघा. चापाची कडी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते. ती चिकटली नाही तर तिच्यावर यातलं काहीच चढणार नाही, तिला साधा काळा रंग मारा.

नळी ३२० च्या आणि मग ४०० च्या पॉलिशपेपरने हातानेच घासा. पेपरामागे लाकडाचा सपाट ठोकळा धरा आणि लांबीच्या दिशेने चाला. बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरू नका. बफ कडा गोल करतो, कोरलेली अक्षरं खातो. आणि ब्लूइंग ओरखडा झाकत नाही, उलट उठून दाखवतं. घासण्यातच दोन संध्याकाळी जातात, त्या जाऊ द्या.

आता माझं कुठे चुकलं ते. अ‍ॅसिटोनने पुसून नळी लखलखीत केली होती. मग घरातून हाक आली म्हणून ती उचलून बाजूला ठेवली, उघड्या हाताने. सगळी नळी काळीभोर झाली आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजता येईल असा पांढुरका. तेलकट जागी गंज धरतच नाही. सगळं घासून पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा अ‍ॅसिटोननंतर हातमोजा निघायचा नाही.

गंज आणायला औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं व्हिनेगर, चिमूटभर मीठ. लागेल तेवढंच उघड्या वाटीत, मोकळ्या हवेत करा, डोळ्याला चष्मा. हे मिश्रण बाटलीत बूच लावून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटते. कापडाने पातळ पुसायचं, ओघळ येऊ द्यायचा नाही. केशरी पावडर धरली की नळी उकळत्या पाण्यात १५-२० मिनिटं. पाणी डिस्टिल्डच घ्या, बॅटरीत वरून घालतात ते; बॅटरीचं अ‍ॅसिड नव्हे. मी एकदा बोअरवेलचं वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग पडले. नळीला दोन्हीकडून लाकडी बुचं ठोका. माझं एक बूच आतली हवा तापल्यावर सुटलं होतं, म्हणून झालं की नळी आतून लगेच कोरडी करून तेलाची चिंधी फिरवा.

बाहेर काढाल तेव्हा अंगावर काळी मखमल दिसेल. ती ०००० नंबरच्या स्टीलवूलने अलगद पुसायची. खाली राखाडी निघेल, घाबरू नका. स्टीलवूलला कारखान्याचं तेल असतं, ते आधी अ‍ॅसिटोनने धुवा. पुन्हा पुसणं, गंज, उकळी. माझ्या नळीला सहा फेऱ्या लागल्या. चौथीला निळसर झाक आली, सहावीला मुरली. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून आम्लाचा अंश मारा, वाळवा आणि तेलात रात्रभर ठेवा. मला सगळं मिळून ४०० रुपयांच्या आसपास पडलं.

एक लक्षात ठेवा, परत जोडताना सिलिंडरच्या आत तेल सोडू नका. दाबाखाली ते पेट घेतं आणि सील जातं.

माळरान_मोहोळ:
काकांनी एअरगनचं पूर्ण सांगितलंय, मी फक्त दुनळीबद्दल बोलतो. ती ब्लॅकोडाइजवाल्याकडे अजिबात नेऊ नका. त्याची टाकी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटची, १४० अंशांच्या आसपास. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ डाखाने जोडलेल्या असतात. कॉस्टिक तो डाख खातं. नळ्यांमधल्या पोकळीत अडकलेलं टाकीतलं पाणी पुढे आतून गंजत राहतं, बाहेरून कळतही नाही.

शिवाय ती परवान्याची आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्तीसाठी दुसऱ्याकडे द्यायची तर तोही परवानाधारकच हवा. परवाना बरोबर न्या आणि पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. घासताना नंबर किंवा नळीखालचे चाचणीचे शिक्के पुसट झाले तर चुलते अडचणीत येतील. नळीवर वळणावळणाची नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी, असू शकते. तसं असेल तर घासणंही नको आणि उडवणंही नको, आधी जाणकाराला दाखवा. तुमच्या .१७७ ला मात्र परवान्याची गरज नाही, तिची ताकद २० ज्यूलच्या आत असली म्हणजे झालं.

जुळेसोलापूरकर:
काका, लोहचुंबक लावलं. कडी चिकटली नाही, नळी चिकटली. तुमचं वाचलं नसतं तर कडीवर आठवडा गेला असता. दुनळीचं चुलत्यांना फोन करून सांगितलं, ते परवाना घेऊन पुण्याला परवानाधारक दुकानात जाताहेत. एकच विचारतो, नळी लांब आहे, आमच्या कुठल्याच भांड्यात मावत नाही. उकळू कशात?

टूलरूमकाका:
भंगारात स्टेनलेसचा चार इंची पाइप बघा, उभा फाडून दोन्ही टोकं वेल्डिंग करून बंद करून घ्या. गॅल्व्हनाइज्ड नको, त्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. दोन शेगड्यांवर आडवा बसतो. माझा अजून आहे, होटगी रोडला आलात तर घेऊन जा. पोरीला पण आणा, पहिली उकळी तिला बघू द्या.