साइट एजंटसाठी तयार आहे का, हे गुणांवरून कळतं का?

शाईची दौत (धागाकर्ता)
साइटचा पत्ता टाकला की ती एआय एजंटसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने साइट उघडून कामं करणाऱ्या प्रोग्रामसाठी, किती तयार आहे याचे १०० पैकी गुण देणारी साधनं हल्ली निघाली आहेत. रोबोट्स.टीएक्सटी (बॉटनी कुठे जावं, कुठे नाही हे सांगणारी फाइल) आहे का, साइटमॅप (पानांची यादी) आहे का, एलएलएम्स.टीएक्सटी (एआयसाठी साइटची थोडक्यात ओळख देणारी फाइल) आहे का, एमसीपी सर्व्हर (एजंटला साइटच्या सोयी थेट वापरू देणारी जोडणी) आहे का, असं बघतात. माझं मत: या गुणांवर विसंबू नका.

मी सांभाळतो त्या नोंदणीच्या साइटला चांगले गुण मिळाले. मग एका एजंटला साधं काम दिलं, अमुक तारखेची नोंदणी कर. त्याने कॅलेंडर तीनदा उघडलं नि बंद केलं, कारण त्यातला प्रत्येक दिवस नुसता डिव्ह, म्हणजे एचटीएमएलमधला बिनअर्थाचा चौकोन होता, बटण नव्हतंच. कसाबसा फॉर्म भरून पाठवला. 'नोंदणी झाली' हा संदेश कोपऱ्यात तीन सेकंद दिसून गेला. एजंट पुढचा स्क्रीनशॉट घेईपर्यंत तो गायब. काम झालं नाही असं समजून त्याने फॉर्म पुन्हा पाठवला आणि डेटाबेसमध्ये दोन नोंदी पडल्या. गुणपत्रिकेत याचा मागमूसही नव्हता.

तळटीप
असहमत. फॉर्म तुमचा चुकला, राग साधनावर का? आमच्या साइटची फायरवॉल प्रत्येक एजंटला ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही' असं उत्तर देत होती. ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसायचं, त्यामुळे कित्येक महिने कुणाला पत्ताच नव्हता. साधनाने ते एका मिनिटात दाखवलं. शिवाय मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावरच येतो की मूळ एचटीएमएलमध्येच असतो, हेही त्यातच कळलं. बरेच क्रॉलर (पानं आपोआप वाचत फिरणारे बॉट) जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यांना आमचं पान कोरं दिसत होतं. आधी दार उघडतं का ते बघा, आतली मांडणी नंतर.

शाईची दौत
४०३ चा मुद्दा मान्य, तो मी तपासलाच नव्हता. पण मग दाराला आणि एलएलएम्स.टीएक्सटीला सारखंच वजन कसं? एलएलएम्स.टीएक्सटी हा एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला प्रस्ताव आहे, अजून मानक झालेला नाही. तांत्रिक दस्तऐवजांच्या साइटला उपयोगी पडेल. माझ्या फॉर्मला त्याने काय होणार?

उंबरठा
तुम्ही दोघंही धरूनच चाललात की तयार असायला हवं. मला नाही व्हायचं. बॉट पानं उपसून नेतात, सर्व्हरवर ताण येतो, वाचक मात्र माझ्याकडे फिरकत नाही. रोबोट्स.टीएक्सटी १९९४ पासून आहे, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलं गेलं, आणि हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी नव्हे, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे ती विनंती झाली, कुलूप नाही. मी विचार करून दार लावलं, तर ती उणीव धरून माझे गुण कापणारे हे कोण?

सांजवात
मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरते. दौत, तुमचा एजंट जिथे अडला तिथेच मी अडते. डिव्हचं कॅलेंडर माझ्यासाठी मुकं असतं. तो तीन सेकंदांचा संदेश मला ऐकूच येत नाही. मीही एकदा एक अर्ज तीनदा पाठवलाय. बटणाला बटण म्हणा, रकान्याला लेबल द्या, हे डब्ल्यूसीएजीची (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची) पहिली आवृत्ती आली तेव्हापासून, म्हणजे १९९९ पासून लिहून ठेवलेलं आहे. आता एजंटसाठी का होईना, दुरुस्त होत असेल तर करा. पण इतकी वर्षं आम्ही सांगत होतो, तेव्हा कुणी गुण मोजले नाहीत, याचं वाईट वाटतं.

उंबरठा, तुम्हाला एक सांगायचंय. जिथे स्क्रीन रीडर हात टेकतो तिथे मी आता एजंटकडून फॉर्म भरून घेते. तुमचं दार लागलं की ते मलाही लागतं.

उंबरठा
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे तीन बॉट सरसकट बंद केलेत: प्रशिक्षणासाठी मजकूर नेणारा जीपीटीबॉट, शोधासाठीचा ओएआय-सर्चबॉट आणि वापरकर्त्याच्या सांगण्यावरून पान उघडणारा चॅटजीपीटी-युजर. पहिला बंदच राहील, त्यावर मी ठाम आहे. तिसरा आज उघडतो. पण यूजर एजंटमध्ये, म्हणजे पान मागताना बॉट स्वतःची जी ओळख पाठवतो तिच्यात, ते नाव कुणीही लिहू शकतं, त्यामुळे आयपी पत्त्यांच्या जाहीर यादीशी ताडूनच आत घेईन.

तळटीप
नेमकं हेच साधनांनी विचारायला हवं: कोणाला आत घ्यायचंय? त्याप्रमाणे गुण द्या. इथे मी दौत यांच्या बाजूला येतो.

सांजवात
दौत, त्या दोन नोंदींचं काय केलंत?

शाईची दौत
फॉर्म उघडताना त्याला एक वेगळा क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुन्याच नोंदीचा तपशील परत दाखवतो. संदेश आता पानावरच राहतो, त्याला रोल स्टेटस (हा स्थितीचा संदेश आहे असं सांगणारी एचटीएमएलमधली खूण) दिलाय, म्हणजे तुमचा स्क्रीन रीडर तो वाचायला हवा. कॅलेंडर काढून तारखेचा साधा रकाना ठेवलाय. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने अख्खा फॉर्म भरून पाहिला, जमला. स्क्रीन रीडरवर मात्र मला नीट तपासता येत नाही. तुम्ही एकदा भरून बघाल का?

सांजवात
बघते. दुवा व्यनि करा.